दात पांढरे झाले म्हणजे नेमकं किती? 2018 च्या कॉक्रेन आढाव्याचं एक वाचन

दातांच्या सौंदर्योपचारांवर सिनॉप्सिस लिहायला घेतला की पहिल्या पानावर एक वाक्य हमखास येतं: ‘ब्लीचिंग परिणामकारक आहे, हे सिद्ध झालेलं आहे.’ पुढे हवाला बहुतेक वेळा ईचेमपाटी आणि सहकाऱ्यांच्या 2018 च्या कॉक्रेन आढाव्याचा. पेट पास होऊन विषय शोधत असाल आणि दंतवैद्यक किंवा सार्वजनिक आरोग्याच्या वाटेवर असाल, तर हा आढावा तुमच्याही समोर येणार. म्हणून तो नीट वाचू.

घरी वापरायच्या रासायनिक ब्लीचिंगच्या 71 चाचण्या त्यात घेतल्या आहेत. प्लासिबोपेक्षा ब्लीचिंगने दात पांढरे होतात, असं तो सांगतो. पण त्याच दमात हेही सांगतो की हा पुरावा कमी ते अत्यंत कमी खात्रीचा आहे आणि बहुतेक चाचण्यांमध्ये रुग्णांना दोन आठवडे ते सहा महिने एवढंच पाहिलं गेलं. दात शिवशिवणं आणि हिरड्यांची जळजळ हे त्रास दिसले, बहुतांशी सौम्य आणि तात्पुरते. म्हणजे आढावा प्रामाणिक आहे. हवाला देणारा पहिलं वाक्य उचलतो आणि दुसरं सोडून देतो, तिथे घोळ होतो.

माझी खरी तक्रार मोजमापाबद्दल आहे. दाताचा रंग पाहायला दवाखान्यात ‘व्हिटा’ची शेड गाइड असते. तिच्यात 16 नमुने, आणि संशोधक ते उजळपणाप्रमाणे बी1 पासून सी4 पर्यंत ओळीत लावतात. मग ‘सरासरी 5 शेड फरक पडला’ असं छापून येतं. आता बघा, ही ओळ म्हणजे शर्यतीतले क्रमांक आहेत. पहिल्या आणि दुसऱ्यात सेकंदाचा फरक असेल, दुसऱ्या-तिसऱ्यात दहा सेकंदांचा. क्रमांकांची सरासरी काढून त्यावर टी-टेस्ट लावायची, तर आधी त्या पायऱ्या सारख्या उंचीच्या आहेत हे दाखवायला हवं, आणि त्या तशा नाहीत. उपाय आहे: स्पेक्ट्रोफोटोमीटरने डेल्टा-ई मोजा. पण तिथेही ‘पी’ बघून थांबू नका. पाराविना आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये दाखवलं की जुन्या सीलॅब सूत्राने साधारण 1.2 चा फरक निम्म्या बघणाऱ्यांना जेमतेम दिसतो आणि 2.7 पर्यंतचा निम्म्यांना चालून जातो. 0.9 चा फरक संख्याशास्त्रात कितीही ‘सिग्निफिकंट’ असो, आरशात तो दिसत नाही. शिवाय रबर डॅम लावून तासभर कोरडा ठेवलेला दात तसाही पांढुरका दिसतो, त्यामुळे खुर्चीतून उठायच्या आत घेतलेल्या नोंदीवर माझा विश्वास नाही.

दुसरी गोष्ट प्रबंधांमध्ये जास्त दिसते. रुग्ण 20, प्रत्येकाचे समोरचे 6 दात, आणि तक्त्यात ‘एन = 120’. अरे, एकाच तोंडातले सहा दात एकच चहा पितात, एकच पेस्ट वापरतात! ते स्वतंत्र नमुने नाहीत. 120 धरलं की पी-व्हॅल्यू आपोआप लहान होते आणि गाइडही खूश होतात. रुग्णाला एकक धरा, नाहीतर मिक्स्ड मॉडेल वापरा.

आता आपल्या गावाकडे येऊ. घाटी परिसरातल्या शासकीय दंत महाविद्यालयात ‘दात पिवळे आहेत’ म्हणून येणारा माणूस या 71 चाचण्यांत बसेल का? ब्लीचिंगच्या चाचण्यांत सहसा निरोगी दातांचे, फार डाग नसलेले लोक घेतले जातात. फ्लोरोसिस असला की बऱ्याचदा बाहेर. आणि मराठवाड्यात तर अनेक ठिकाणी बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. भारतीय मानकानुसार लिटरमागे 1 मिलिग्रॅम ठीक, दुसरा स्रोत नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घ्यायचं. त्यापुढे दात घडत असतानाच इनॅमल बिघडतं, पांढरे चट्टे आणि तपकिरी डाग येतात. त्यात गुटखा आणि मिश्रीचे वरून चढलेले डाग वेगळेच. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, दातांवर ती अजून दिसत नाही.

या तिन्हींना एकच ‘पिवळेपणा’ म्हणणं ही पद्धतीतली चूक आहे, कारण उपाय वेगवेगळे आहेत. वरचा डाग स्केलिंग-पॉलिशिंगने जातो. फ्लोरोसिसचा उथळ डाग मायक्रोअब्रेजनने, म्हणजे आम्ल आणि प्युमिसने इनॅमलचा अगदी पातळ थर घासून, कमी होतो. पांढऱ्या चट्ट्यांत रेझिन मुरवता येतं. खोल डागांना व्हेनीअर. आणि मग येतं क्राउन, जे ‘स्माइल डिझाइन’च्या नावाखाली लग्नाआधी घाईघाईने बसवलं जातं. एडेलहॉफ आणि सोरेनसेन यांनी 2002 मध्ये वजन करून दाखवलं होतं: समोरच्या दाताच्या व्हेनीअरसाठी दाताच्या दिसणाऱ्या भागाचा 3 ते 30 टक्के भाग जातो, पूर्ण क्राउनसाठी 63 ते 72 टक्के. बावीस वर्षांच्या मुलीचा तो दात पुन्हा उगवणार नाही. पांढरेपणा मोजणाऱ्या अभ्यासांत हा रकाना जवळपास कधीच नसतो, आणि कॉक्रेनचा आढावा फक्त घरगुती ब्लीचिंगपुरता असल्याने ‘यातलं काय निवडावं?’ याचं उत्तर त्यात शोधणंच चूक.

कोणी हा विषय घेणार असेल तर प्रोफॉर्म्यातला एक प्रश्न आजच बदला. ‘सध्या कुठलं पाणी पिता?’ याचा उपयोग नाही. शहरात नळाला जायकवाडीचं पाणी येतं, पण समोरच्या दातांचं इनॅमल शाळेच्या सुरुवातीच्या वर्षांतच बनून झालेलं असतं. विचारा: आठ वर्षांचे होईपर्यंत कुठल्या गावात होता, आणि तिथे पाणी विहिरीचं होतं की बोअरचं? रुग्णाला आठवत नसेल तर आईला फोन लावायला सांगा, तिला बहुतेक वेळा नक्की माहीत असतं. फ्लोरोसिस डीनच्या निर्देशांकाने मोजणार की थायलस्ट्रप-फेयेर्स्कोव्हच्या, तेही आधीच ठरवा. दुसऱ्यात दात कोरडा करून बघतात आणि कोरड्या दातावर चट्टे जास्त उठून दिसतात, त्यामुळे दोन्हींचे आकडे एका तक्त्यात शेजारी ठेवता येत नाहीत.