शेजारच्या सीटवरचा माणूस

‘अगदी खऱ्यासारखं’ हे प्रशस्तिपत्र आपल्याकडे फक्त खोट्या वस्तूला मिळतं. मेणाच्या पुतळ्याला, नकली मोत्यांच्या कुड्यांना, कागदाच्या फुलांना. कुंडीतल्या खऱ्या गुलाबाकडे पाहून ‘काय हो, अगदी खऱ्यासारखा आहे!’ असं म्हणणाऱ्या इसमाला घरची माणसं डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन जातील. म्हणूनच मोटार-रॅलीचे व्हिडिओ गेम ‘खऱ्याइतके खरे’ आहेत असं कुणी म्हणालं की मी सावध होतो. हा दोष माझा नव्हे, बँकेच्या काउंटरचा. खोटी नोट खऱ्या नोटेशी नव्व्याण्णव टक्के जुळते; आम्हाला पगार मिळतो तो उरलेल्या एक टक्क्यासाठी.

रॅली म्हणजे काय, ते आधी सांगून टाकतो. ही शर्यतच, पण इथे गाड्या एकमेकींना खेटून पळत नाहीत. रस्ता इतरांना बंद करतात, एकेक गाडी ठरावीक अंतराने सोडतात, आणि जो तो घड्याळाशी झुंजतो. रस्ता कधी मातीचा, कधी बर्फाचा, कधी डांबरी. गाडीत माणसं दोन. एक चालवतो. दुसरा मांडीवरच्या वहीतून पुढचा रस्ता वाचून दाखवतो: ‘उजवं चार, शंभर मीटर, चढ, मग डावं दोन, आत कापू नको.’ या खेळांत आकडा जितका लहान, तितकं वळण अवघड. खऱ्या रॅलीत ही वही दोघांनी आधी तोच रस्ता सावकाश हिंडून लिहिलेली असते. बहुतेक खेळांत ती आयतीच मिळते, गाइडसारखी.

मुलुंडला माझा भाचा राहतो. त्याने जेवणाच्या टेबलाला स्टिअरिंग आवळून बसवलं आहे. ब्रेक दाबला की पेडल गुळगुळीत फरशीवरून पुढे पळतात, म्हणून त्यांच्यापुढे दहा किलो तांदळाची पिशवी. वहिनींचं स्वयंपाकघर आणि फिनलंडचं अरण्य यांच्यामध्ये एवढीच काय ती सरहद्द. या थाटात मी १९९८ च्या ‘कॉलिन मॅक्रे रॅली’पासून २०१९ च्या ‘डर्ट रॅली २.०’ पर्यंत यच्चयावत दऱ्यांत पडून आलो आहे. तेव्हा पुढचं मत अनुभवी माणसाचं समजावं.

प्रगती झाली आहे, यात वादच नाही. नव्वदीच्या मध्यावर नाणं टाकून खेळायच्या ‘सेगा रॅली’ने माती आणि डांबर यांची पकड वेगळी असते एवढं शिकवलं. मॅक्रेच्या खेळाने मोडकी गाडी दुरुस्त करायला ठरावीक वेळ दिला. त्यात गिअरबॉक्स नीट करायचा की ब्रेक, हे तुम्ही ठरवा. महिनाअखेरीला दूधवाला आधी की वाणी, हे ज्यांना ठरवावं लागलं आहे त्यांना हा भाग फार खरा वाटेल. आणि २००४ साली आला ‘रिचर्ड बर्न्स रॅली’. हा खेळ लाड करत नाही. वळणात ब्रेक मारलात की गाडी सरळ झाडात. ‘मामा, ब्रेक वळणाआधी मार रे!’ असं भाचा झाडात गेल्यानंतर सांगतो. वेग कमी केला की गाडीचं वजन पुढच्या चाकांवर येतं, त्यांची पकड वाढते आणि शेपूट मोकळं होतं. हे सगळं त्या खेळात हाताला कळतं. डावीकडे वळायचं तर आधी उजवीकडे झोकांडी द्यायची, हे तंत्र स्कँडिनेव्हियातलं म्हणतात. घाटकोपर स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्यांना ते कुणी शिकवलं, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे. वीस वर्षं उलटून गेल्यावरही या खेळाचे भक्त त्यात पदरमोड करून नवे रस्ते घालत असतात.

उपनगरी माणसाची पहिली हरकत वेगळीच असते. ‘रस्त्यावर कुणीच कसं नाही? रिक्षा नाही, खड्डा खणून गेलेले लोक नाहीत, हे कसलं खरं?’ पण रॅलीचा रस्ता बंदच असतो. तेव्हा रिकामा रस्ता हा खेळाचा खरेपणाच. आणि उंच उड्यांचं म्हणाल, तर फेब्रुवारी २०२४ मध्ये अंधेरीचा नवा गोखले पूल अर्धा खुला झाला तेव्हा त्याची उंची शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाशी जुळत नव्हती. पुढे त्याच वर्षी दोन्ही पूल जोडले, नाहीतर फिनलंडला जायची गरजच नव्हती.

मग तो एक टक्का कुठे आहे? माझ्या मते शेजारच्या सीटवर.

बर्न्सच्या खेळात वही वाचणारा आवाज रॉबर्ट रीड यांचा आहे. २००१ साली बर्न्स जगज्जेता झाला तेव्हा शेजारी तेच बसले होते. २००३ च्या अखेरीस बर्न्स मेंदूच्या आजाराने खाली बसला, पुढच्या वर्षी खेळ बाजारात आला, आणि नोव्हेंबर २००५ मध्ये बर्न्स गेला. खेळातले रीड मात्र आजही तितक्याच शांतपणे ‘उजवं चार’ सांगतात. मी त्यांना एका संध्याकाळी अकरा वेळा दरीत घातलं. बाराव्या वेळी तोच सूर! या आवाजाला भीती नाही, कारण त्याला देह नाही.

खऱ्या गाडीतल्या त्या माणसाचा विचार करा. त्याच्या हाती स्टिअरिंग नाही, पायाखाली ब्रेक नाही, आणि डोळे रस्त्यावर नाहीत, वहीत आहेत. याचं वाचन चुकलं तर दोघे जाणार, त्याचा पाय चुकला तरी दोघे जाणार. मी साधी गाडी लिंक रोडवर काढली तरी आमच्या मंडळी नसलेला ब्रेक इतक्या जोराने दाबतात की डाव्या बाजूचं पायपुसणं उजव्याच्या आधी फाटलं. कुठल्याही कंपनीच्या खेळात हे पायपुसणं नाही. शेजारी कुणी नसतं म्हणून तर आपण तिथे शूर होतो. वेग जमेला धरला आणि भीती नावे टाकलीच नाही. असा ताळेबंद मी तरी पास करणार नाही.

मुंबईकराला याचा एक जुना दाखला आहे. नोव्हेंबर १९६८ मध्ये ९८ गाड्या लंडनहून सिडनीला निघाल्या. युरोप, इराण, काबूल, दिल्ली करत त्या आपल्या मुंबईत आल्या आणि इथून ‘चुसान’ बोटीत बसून ऑस्ट्रेलियाला गेल्या. मुंबईपर्यंतचा जवळजवळ आठवडाभराचा प्रवास एकाने चालवायचं आणि दुसऱ्याने शेजारी झोपायचं, असा. परक्याच्या हाती जीव देऊन झोपणं म्हणजे काय, हे रात्रीच्या एस.टी.ने गेलेल्याला सांगायला नको. सिडनी जवळ आली तेव्हा आघाडीवर होती लुसियाँ बियांची आणि ओजिए यांची सित्रोएन. चालवत होता ओजिए. समोरून आलेल्या एका मोटारीशी टक्कर झाली आणि शेजारच्या सीटवरचा बियांची जखमी होऊन अडकला. तिथे पॅडी हॉपकर्क पोचला. १९६४ ची माँटे कार्लो रॅली जिंकलेला, हाताखाली ऑस्टिन गाडी, जिंकायची संधी अजून हातात. तो आणि त्याचे साथीदार थांबले, उतरले, आणि त्यांनी माणसं बाहेर काढली. अँड्र्यू कावन पहिला आला, हॉपकर्क दुसरा.

भाच्याला हे सांगितलं. त्याने स्टिअरिंगवरची सगळी बटणं एकदा निरखून पाहिली. हँडब्रेकचं होतं, वायपरचं होतं, ‘पुन्हा सुरू करा’चं तर होतंच.

‘मामा,’ तो म्हणाला, ‘गाडीतून उतरायचं बटणच नाहीये यात.’

एवढं एक बटण बसवा, मग मी शिक्का मारतो.