व्याकरण साहेबाचं, बिल लुईसचं

'इन्स्पेक्टर मोर्स' ही इंग्लंडातली टीव्ही मालिका. 1987 ते 2000 या काळात तिचे 33 भाग झाले. गाव ऑक्सफर्ड. खून कुणी केला हा तिथला वरवरचा सवाल. आपण विचारायचा तो सवाल वेगळाच : मोर्स आणि लुईस या जोडीत डोकं कुणाचं आणि हमाली कुणाची?

मोर्स चीफ इन्स्पेक्टर. तांबडी जुनी जॅग्वार, वॅग्नरचा ऑपेरा, शब्दकोडी, बिअर. लुईस त्याचा सार्जंट. न्यूकॅसलकडचा, जिभेवर तिकडचाच हेल, घरी बायको-पोरं. कॉलिन डेक्स्टरच्या कादंबऱ्यांत लुईस वेल्सचा आहे आणि बराच वयस्क आहे. टीव्हीवाल्यांनी त्याला तरणा केला, उत्तरेकडचा केला. त्यानं गोष्ट धारदार झाली. एकीकडे विद्यापीठ, दुसरीकडे कोळसा नि जहाजांचा कामगार मुलूख.

आता कामाची वाटणी बघा. प्रेत बघितलं की मोर्सच्या पोटात ढवळतं, तो तोंड फिरवतो. तिथं उभं राहायचं लुईसनं. दारोदार चौकशी लुईसनं करायची. पबमध्ये बहुतेक वेळा पैसेही लुईसनंच द्यायचे. आणि तो काही बोलला, की साहेब त्याचं व्याकरण सुधारणार! मेलेल्याचा वास एकाला, शुद्ध भाषा दुसऱ्याला. दोस्तांनो, ही वाटणी आपल्याला कुणी नव्यानं समजावून सांगायला नको.

गंमत पुढंच आहे. किती वेळा असं होतं, की लुईस सहज काही बोलून जातो. घरातलं, रोजच्या जगण्यातलं. आणि तेवढ्यावरच मोर्सच्या डोक्यात उजेड पडतो. साचा चालवला एकानं, कापडावर शिक्का दुसऱ्याचा.

पण मोर्सला नुसता साहेब म्हणून निकालात काढलं तर टीका आळशी होईल. हा मोर्स टॅक्सीवाल्याचा पोरगा. स्कॉलरशिपवर ऑक्सफर्डला गेला, प्रेमात मोडला, पदवी न घेताच बाहेर पडला. त्याचं काम करणारा जॉन थॉ हा मँचेस्टरच्या ट्रक ड्रायव्हरचा मुलगा. ते त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. प्रोफेसरांच्या मेजवानीत मोर्स बसतो तेव्हा तो आतलाही नसतो नि बाहेरलाही नसतो. व्याकरण ही त्याची मिळकत. कष्टानं कमावलेली, म्हणूनच तो ती मुठीत घट्ट धरून बसतो. राग येतो तो इथंच. ज्या दारानं त्याला अर्ध्यावर परत पाठवलं, त्याच दाराचा पहारेकरी होऊन तो लुईसला अडवतो!

मालिका याचा न्याय करते का? अर्धामुर्धा. प्रोफेसर खुनी निघतो, त्याला बेड्या पडतात. कॉलेजच्या भिंतीचा दगडही हलत नाही. दुसऱ्या आठवड्यात हिरवळ तशीच हिरवी. शेवटच्या भागात मरताना मोर्स लुईसचे आभार मानतो, तेही दुसऱ्याकरवी. वरिष्ठ अधिकारी स्ट्रेंजला सांगतो, माझ्या वतीनं लुईसला धन्यवाद द्या. तेरा वर्षांचा हिशेब, आणि तोंडावर एक शब्द निघाला नाही. लेखकानं हे दाखवलं, ही मालिकेची सगळ्यात खरी जागा. तिथं ती रडवते, आणि चीडही आणते.

पुढं 2006 ते 2015 'लुईस' ही मालिका चालली. आता लुईस इन्स्पेक्टर आणि हाताखाली हॅथवे : केंब्रिजला शिकलेला, पाद्री व्हायला निघालेला. विद्वान खाली, साधा माणूस वर. पण लुईस त्याच्या विद्वत्तेला घाबरत नाही, आणि तिचा सूडही उगवत नाही. समजलं नाही तर सरळ विचारतो. मोर्सच्या खुर्चीत बसून तो मोर्स झाला नाही.

पोरांनो, पुस्तकं आपण वाचणारच, भाषा कमावणारच. पण वस्तीतला एखादा जण सभेत उठून त्याच्या बोलीत बोलायला लागला, आणि तुमची जीभ त्याचा शब्द दुरुस्त करायला वळवळली, तर ती आवरा. आधी त्याचं ऐका. गुन्ह्याचा धागा बहुतेक वेळा त्याच्याच बोलण्यात असतो.