आंतरलिंगी आत्मकथन आणि क्रियापदाचे लिंग

मराठीत 'मूल' नपुंसकलिंगी आहे. नवजात जीवाला भाषा काही काळ उसंत देते. आत्मकथनातल्या 'मी'ला मात्र भूतकाळ सांगू लागताच 'गेलो' की 'गेले' यांतून एक निवडावेच लागते. मुलगी म्हणून वाढलेल्या एर्क्युलीन बार्बँ यांना फ्रान्समध्ये १८६० साली पुरुष ठरविण्यात आले. मिशेल फूको यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या आठवणींत स्त्रीलिंगी व पुल्लिंगी रूपे आलटूनपालटून येतात. ही सरमिसळ हाच त्या संहितेचा आशय होय. भामरागडच्या माडियात प्रथमपुरुषी क्रियापद लिंग सांगत नाही. तृतीयपुरुषात मात्र पुरुष व पुरुषेतर हा भेद होतोच. स्वतःविषयी बोलताना मिळालेली मोकळीक इतरांच्या बोलण्यात संपते.

वैद्यकातही तातडी दोन प्रकारची असते. अधिवृक्क ग्रंथींच्या विकारात क्षार घटल्यास उपचार लांबविता येत नाहीत. जननेंद्रियांना 'नेमके' रूप देण्याची घाई बहुधा समाजाची असते. मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये आंतरलिंगी बालकांवरील लिंगबदलाच्या शस्त्रक्रियांवर बंदी घालण्याचा निर्देश तमिळनाडू शासनाला दिला. तरीही 'मुलगा की मुलगी?' हा प्रश्न आईवडिलांच्या दाराशी उभाच राहतो. 'मूल' हा शब्द त्यांना थोडी मुदत देतो. समीक्षेने ती आत्मकथनालाही द्यावी.