पलटणीची बखर आणि पेन्शनची फाईल

अमेरिकेतल्या एखाद्या कृष्णवर्णीय कुटुंबाने आपली वंशावळ लावायला घेतली, की चार-पाच पिढ्या मागे गेल्यावर वाट बहुधा १८७० सालापाशी अडते. गुलामीतून सुटलेल्या माणसांची नावानिशी नोंद करणारी ही पहिली जनगणना. त्याआधी, १८५० आणि १८६० साली, गुलामांसाठी वेगळे तक्ते भरले गेले होते. त्यांत मालकाचे नाव ठळक आहे आणि त्याखाली वय, लिंग, वर्ण असे रकाने आहेत. थोडे अपवाद सोडले तर माणसांची नावे नाहीत. नुसत्या वयांच्या त्या उतरंडीतून आपली खापरपणजी कोणती, हे ओळखायचे कसे?

या कोंडीतून बाहेर पडण्याची एक वाट यादवी युद्धातून जाते. १८६१ ते १८६५ या युद्धात उत्तरेच्या लष्करात सुमारे १,७९,००० कृष्णवर्णीय सैनिक होते. त्यांतले सुमारे ४०,००० मेले, आणि त्यांपैकी बहुतेक रोगराईने. ज्याने पलटणीत नाव घातले तो हजेरीपटावर आला आणि सरकारच्या दप्तरात माणूस म्हणून त्याची नोंद झाली. आज त्या युद्धातल्या दोन्ही बाजूंच्या साठ लाखांहून अधिक सैनिकांच्या नोंदी राष्ट्रीय उद्यान विभागाच्या सूचीत शोधता येतात. वॉशिंग्टनमध्ये १९९८ साली उभारलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांच्या स्मारकावर २,०९,१४५ नावे कोरलेली आहेत. नाव सापडणे म्हणजे मात्र पूर्वज सापडणे नव्हे. एकाच नावाचे पाच जण निघतात. त्यांतला आपला कोणता, तो कुठून आला, कोणाचा मुलगा होता, परतल्यावर कोणाबरोबर राहिला, हे सूची सांगत नाही.

या लेखात तीन कृती शेजारी ठेवून पाहायच्या आहेत : एका कप्तानाने लिहिलेला पलटणीचा इतिहास, त्याच पलटणीवरचा गाजलेला चित्रपट, आणि पूर्वजाच्या शोधातून लिहिले गेलेले अलीकडचे एक पुस्तक. तिन्हींना प्रश्न एकच. सैनिकाच्या वारसाच्या हाती प्रत्येकातून काय लागते?

लुई एमिलिओ हा ५४व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीतला कप्तान. १८ जुलै १८६३ रोजी दक्षिण कॅरोलायनातल्या वॅगनर किल्ल्यावर या पलटणीने हल्ला चढवला. कर्नल रॉबर्ट गूल्ड शॉ पडला, वरचे अधिकारी ठार वा जखमी झाले, आणि उरलेल्या पलटणीची सूत्रे या अठरा वर्षांच्या पोराच्या हाती आली. सुमारे सहाशेंपैकी २७२ माणसे त्या संध्याकाळी ठार, जखमी किंवा बेपत्ता झाली. एमिलिओने १८९१ साली पलटणीचा इतिहास प्रसिद्ध केला. तो प्रामाणिक आहे, तपशीलवार आहे आणि आपल्या माणसांबद्दलच्या आदराने भरलेला आहे. कृष्णवर्णीयांना गोऱ्यांपेक्षा कमी पगार देऊ केल्यावर पलटणीने सुमारे दीड वर्ष पगारच घेतला नाही, ही हकिगत त्यात नीट नोंदवलेली आहे. पुस्तकाला सैनिकांची यादीही जोडलेली आहे.

पण हा ग्रंथ आपल्याकडच्या बखरीच्या जातीचा आहे. त्याचा नायक पलटण आहे. साधा शिपाई त्यात येतो तो शौर्याच्या क्षणी किंवा मरणाच्या क्षणी. विल्यम कार्नीने निशाण जमिनीला लागू दिले नाही, हा प्रसंग लक्षात राहतो. त्या शौर्यासाठीचे पदक कार्नीला १९०० साली, म्हणजे सदतीस वर्षांनी मिळाले. बाकीच्या शेकडो जणांसाठी एकेक ओळ : नाव, गाव, धंदा, शेवट. वारसाला ही ओळ मोलाची आहे, पण पलटणीत येण्याआधीचे आणि पलटण मोडल्यानंतरचे आयुष्य तिच्यात मावत नाही. बोस्टनमधल्या शॉ स्मारकाची गतही फार वेगळी नाही. १८९७ च्या त्या शिल्पातले पायदळी शिपाई एकमेकांहून इतके वेगळे आहेत की प्रत्येक चेहरा कोणा खऱ्या माणसाचा वाटतो. चेहरे खऱ्या माणसांचेच आहेत, पण शिल्पकार सेंट-गॉडन्सने पैसे देऊन बसवलेल्या नमुन्यांचे. पलटणीतले ते नव्हेत. पडलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांची नावे स्मारकावर सुरुवातीपासून होती. पडलेल्या चौसष्ट शिपायांची नावे कोरायला १९८२ साल उजाडले.

१९८९ चा 'ग्लोरी' हा चित्रपट आला आणि ही पलटण जगभर ठाऊक झाली. डेन्झेल वॉशिंग्टनला त्यातल्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळाले आणि ते योग्यच होते. पण त्याने साकारलेला ट्रिप हा शिपाई कल्पित आहे, आणि पडद्यावरचे त्याचे मुख्य सोबतीही कल्पितच. पलटणीत फ्रेडरिक डग्लसचे दोन मुलगे होते. त्यांतला ल्युइस तर सार्जंट-मेजर होता. जेम्स हेन्री गुडिंग नावाच्या कॉर्पोरलने पगाराच्या अन्यायाबद्दल थेट लिंकनला पत्र लिहिले होते. हे लोक चित्रपटात पात्र म्हणून उभे राहत नाहीत. शॉ मात्र खरा आहे, त्याच्या पत्रांसह. पलटणीतले बहुसंख्य शिपाई उत्तरेतले, जन्माने स्वतंत्र होते. चित्रपटाने त्यांना मुख्यतः सुटलेले गुलाम केले, कारण गुलामीतून शिस्तीकडे, शिस्तीतून हौतात्म्याकडे ही चढण त्याला हवी होती.

माझा मुख्य आक्षेप मात्र वेगळ्या प्रसंगाबद्दल आहे. चित्रपटात जॉर्जियातले डॅरिएन हे गाव जाळले जाते. कर्नल माँटगोमेरी आणि त्याचे कृष्णवर्णीय सैनिक लुटालूट करतात, आणि शॉ व त्याचे शिस्तबद्ध शिपाई ते पाहून व्यथित होतात. डॅरिएन खरोखरच ११ जून १८६३ रोजी जाळले गेले आणि शॉला ते पटले नव्हते. पण पडद्यावरचा तो बेबंद जमाव म्हणजे दुसरी दक्षिण कॅरोलायना पलटण. तिच्यातली बहुतेक माणसे नुकतीच गुलामीतून बाहेर पडली होती. याच पलटणीने याच माँटगोमेरीच्या हाताखाली, नऊ दिवस आधी, २ जून रोजी कंबाही नदीवर धाड घालून साडेसातशेंवर माणसे मुक्त केली होती. त्या धाडीत हेर आणि वाटाड्या म्हणून हॅरिएट टबमन होती. 'ग्लोरी'त यातले काही नाही. एका पलटणीला उजळ करताना दुसरी काळवंडली. ज्याचा पूर्वज त्या दुसऱ्या पलटणीत होता, त्याने हा चित्रपट कसा पाहायचा?

या प्रश्नाचे उत्तर म्हणून वाचावे असे पुस्तक म्हणजे एडा फील्ड्स-ब्लॅक यांचे 'कंबी' (२०२४). नकाशावरच्या कंबाही नदीला तिथले लोक कंबी म्हणतात, त्यावरून हे नाव. लेखिका इतिहासाच्या प्राध्यापक आहेत आणि त्यांचे पूर्वज हेक्टर फील्ड्स हे याच दुसऱ्या दक्षिण कॅरोलायना पलटणीत शिपाई होते. २०२५ चे इतिहासाचे पुलित्झर पारितोषिक या ग्रंथाला विभागून मिळाले. पुरस्कारापेक्षा त्यातली साधने महत्त्वाची आहेत. हे पुस्तक मुख्यतः पेन्शनच्या फायलींवर उभे आहे.

या फायली म्हणजे काय, ते सांगायला हवे. १८६२ च्या कायद्याने जायबंदी सैनिकांना आणि मेलेल्यांच्या विधवांना व अवलंबितांना पेन्शन सुरू झाली. १८९० च्या कायद्याने तिची कक्षा खूप वाढली. पेन्शन हवी तर शाबीत करावे लागे : हा शिपाई तोच, ही बायको त्याचीच, ही मुले त्याचीच. गोऱ्या अर्जदाराकडे चर्चची नोंदवही, लग्नाचा दाखला, घरातले बायबल असे. गुलामीत जन्मलेल्याकडे यातले काहीच नव्हते. त्याच्या लग्नाला कायद्याने लग्न मानलेलेच नव्हते. १८६४ साली काँग्रेसने अशा विधवांसाठी साक्षीपुराव्याची वाट मोकळी केली. मग खास तपासनीस गावोगाव जाऊन जबान्या घेऊ लागले. तुझा मालक कोण होता? भरतीच्या वेळी कोणते नाव सांगितलेस? आता दुसरे का लावतोस? लग्नाला कोण हजर होते? १८८२ च्या कायद्याने तर विधवा कोणा पुरुषाबरोबर राहते असे आढळले की पेन्शन बंद होई, म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे तिच्या चालचलणुकीचीही चौकशी.

म्हणजे ही दप्तरे संशयातून जन्मली. डोनाल्ड शॅफर यांनी नमुन्यादाखल तपासलेल्या अर्जांत सुमारे ९२ टक्के गोऱ्या सैनिकांना पेन्शन मिळाल्याचे दिसते, कृष्णवर्णीयांत ७५ टक्क्यांना. विधवांमध्ये ही तफावत आणखी रुंद आहे. पण सरकारने विश्वास ठेवला नाही म्हणून माणसांना आपले सगळे आयुष्य सांगावे लागले, आणि सांगितले म्हणून ते उरले. ज्यांच्या शब्दावर विश्वास होता त्यांच्या फायली बहुधा पातळ आहेत.

फील्ड्स-ब्लॅक यांची पद्धत साधी, पण चिकाटीची आहे. धाडीत सुटलेले अनेक पुरुष त्याच पलटणीत दाखल झाले. एकाच मळ्यावर, एकाच भातखाचरात वाढलेली माणसे एकाच पलटणीत आली आणि पुढे तीस-चाळीस वर्षांनी एकमेकांच्या पेन्शनीसाठी साक्षीदार झाली. 'आम्ही बरोबर वाढलो, तिच्या लग्नाला मी होतो' अशा आशयाच्या या जबान्या लेखिकेने मळेवाल्यांच्या कागदांशी ताडून पाहिल्या आहेत : मृत्युपत्रे, गहाणखते, लग्नातले मालमत्ता-करार, विक्रीखते. जनगणनेने नाकारलेली नावे या कागदांत आहेत, कारण गहाण टाकताना मालमत्तेची ओळख पटावी लागते. एका बाजूला मालकाने गहाण टाकलेले नाव, दुसऱ्या बाजूला त्याच माणसाने म्हातारपणी शपथेवर सांगितलेले नाव. दोन्ही जुळतात तेव्हा आपण एक कुटुंब उभे राहताना पाहतो. एमिलिओच्या यादीतली एक ओळ इथे पानेच्या पाने व्यापते. पूर्वजाला वीर ठरवण्याची घाई लेखिकेला नाही. त्याला शेजारीपाजारी, सोयरेधायरे मिळवून देणे हे ती आपले काम मानते.

तरी ग्रंथ निर्दोष नाही. सातशेंवर पानांत नावांची आणि नात्यांची इतकी गर्दी होते की धाडीचा मूळ धागा वाचकाच्या हातून सुटतो. दुसरी अडचण अधिक खोल आहे. जबानी 'मी' म्हणून बोलते, पण लेखणी तपासनिसाची असते. प्रश्न त्याचे, वाक्ये त्याच्या वळणाची, आणि अक्षरओळख नसेल तर खाली अर्जदाराची फुलीची निशाणी. शिवाय पेन्शन पदरात पडावी म्हणून काय सांगायचे आणि काय गाळायचे, हेही अर्जदाराला कळत होते. त्यामुळे या कागदांत ऐकू येणारा आवाज मुक्त माणसाचा अकृत्रिम आवाज आहे असे धरून चालता येत नाही. फील्ड्स-ब्लॅक यांना हे ठाऊक आहे, पण कथनाच्या ओघात तपासनिसाचा हात काही वेळा नजरेआड होतो. तो वाचकाने आपणहून ध्यानात ठेवावा लागतो.

या व्यवस्थेची परीक्षा पाहायची तर टबमनचीच फाईल पाहावी. तिचा दुसरा नवरा नेल्सन डेव्हिस आठव्या कृष्णवर्णीय पलटणीत होता, पण भरती झाला होता नेल्सन चार्ल्स या नावाने. १८८८ साली तो वारला. डेव्हिस आणि चार्ल्स एकच, आणि आपला पहिला नवरा जॉन टबमन या लग्नाआधीच मेलेला होता, हे तिला शाबीत करावे लागले. १८९५ साली तिला विधवा म्हणून महिना आठ डॉलर मंजूर झाले. १८९९ साली रक्कम वीसवर गेली, ती परिचारिका म्हणून केलेल्या सेवेच्या आधाराने. जिच्या हेरगिरीवर कंबीची धाड उभी राहिली, तिचे ते काम पेन्शनीच्या कोणत्याच रकान्यात बसले नाही.

मराठी वाचकाचा या युद्धाशी एक जुना संबंध आहे. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. त्या वेळी पुण्यात बसून या युद्धाकडे पाहणाऱ्याला मुक्ती देणारे दिसत होते. स्वतःच्या मुक्तीसाठी बंदूक उचललेले शिपाई अजून कागदावर पुरते उतरायचेच होते. त्यांच्या बहुतेक जबान्या पुढच्या तीन-चार दशकांत लिहिल्या गेल्या. कागद ज्याच्या हाती त्याची सत्ता कशी चालते आणि निरक्षर माणूस त्यात कसा भरडला जातो, हे फुल्यांइतके नेमके फार थोड्यांनी लिहिले आहे. तपासनिसापुढे बसून नवऱ्याची दोन नावे एकच असल्याचे पटवून देणारी विधवा त्यांना लगेच ओळखू आली असती. 'कंबी' वाचून झाल्यावर त्या अर्पणपत्रिकेकडे पुन्हा पाहिले, तर तिथे हेक्टर फील्ड्स आणि त्यांच्याबरोबर भातखाचरातून उठून आलेल्या माणसांसाठीही जागा आहे असे वाटते. फुल्यांना ती नावे मिळण्याची सोय नव्हती. आपल्याला आता ती मिळाली आहेत.