आतला आवाज कुणाचा?

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक मुलगा गेल्या महिन्यात माझ्याकडे एक पुस्तक घेऊन आला. इंग्रजीवरून केलेला अनुवाद, मुखपृष्ठ चकचकीत. पुस्तकाचे म्हणणे थोडक्यात असे : माणसाला त्याच्याच समजुती जखडून ठेवतात, त्या सोडाव्यात, बुद्धीचा गलबला थांबवावा आणि आतल्या आवाजावर विश्वास टाकावा. मग उत्कर्ष ठरलेला. मुलगा तिसऱ्यांदा नापास झाला होता. म्हणाला, "सर, माझंच चुकलं. मीच मनातून धरून बसलो होतो की आपल्याला जमायचं नाही."

हे वाक्य मला झोंबले. पूर्वी हेच काम गेल्या जन्मीचे पाप करीत असे. आता ते त्याच्याच मनाकडे सोपवले आहे, एवढाच फरक. म्हणून या विचाराची नीट झडती घ्यावी असे वाटले.

त्यातला अर्धा भाग खरा आहे, हे आधी कबूल करतो. आपण हीन आहोत ही समजूत माणसाला आतून पोखरते, हे आपल्याला कुणी पुस्तकातून शिकवण्याची गरज नाही. मी सातवीत असताना निबंधात 'आय' असे लिहिले होते. गुरुजींनी लाल शाईने ते खोडून 'आई' केले आणि वर्गात वाचून दाखवले. पोरे हसली. त्यानंतर कित्येक वर्षे मी जे लिहिले त्यात माझी आय कधी आलीच नाही. जी आली ती कुणाची तरी दुसऱ्याची आई होती. तेव्हा समजूत होती, हे खरे. पण ती माझी होती काय? ती लाल शाईने माझ्या वहीत उतरली होती. हे पुस्तक समजुतीचा पत्ता विचारते, पण ती कुणी पाठवली हे विचारत नाही. इथेच त्याचा सारा घोळ आहे.

समजूत कशी सुटते, याचा दाखला आपल्याच साहित्यात आहे. १८५५ साली फुल्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे 'ज्ञानोदया'त मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिते. ही कोवळ्या वयाची मुलगी मन एकाग्र करून लिहू लागली नव्हती. तिच्यासाठी आधी कुणीतरी शाळा काढली होती, आणि ती काढणाऱ्यांनी अंगावर शेण झेलले होते.

त्याहून मोठा दाखला बेबीताई कांबळे यांचा. 'जिणं आमुचं' १९८६ साली पुस्तकरूपाने आले. फलटणच्या आपल्या लहानशा दुकानात बसून, माल बांधायला आणलेल्या रद्दीतले वाचत वाचत या बाई लिहीत राहिल्या. लिहिलेले नवऱ्यापासून लपवून ठेवले. असे थोडेथोडके नव्हे, सुमारे वीस वर्षे. पुढे फलटणला राहणाऱ्या मॅक्सिन बर्नसन यांना ते कळले आणि त्यांच्या आग्रहामुळे ते उजेडात आले. आता कुणी म्हणेल, बघा, बाईंनी आतल्या आवाजावर विश्वास ठेवला! ठेवला, नाही कसा? पण तो आवाज बाबासाहेबांच्या चळवळीने घडवलेला होता. आणि एवढे करूनही वही लपवावी लागलीच. भीती मनात होती हे खरे, पण ती घरातही होती, आणि घरातली भीती डोळे मिटून जात नाही.

शीर्षकही पाहा. 'जिणं माझं' नव्हे, 'आमुचं'. आत्मविकासाच्या पुस्तकात हा 'आम्ही' कुठेच सापडत नाही.

याच पुस्तकात आषाढातली वर्णने आहेत. बायकांच्या अंगात येते. एरवी जिला घरात कुणी विचारीत नाही, तिच्या पाया पडायला सगळे येतात. बेबीताई त्या बायांना हसत नाहीत, पण त्या बोलण्याला शरणही जात नाहीत. मला हा भाग पुस्तकाचा गाभा वाटतो. आतून उसळलेला तो आवाज खोटा नव्हता. बाईचे दुःखच त्यातून घुमत होते. पण त्याला शब्द मिळाले ते देवीचे, आणि वस्तीला गावकुसाबाहेर ठेवणारी व्यवस्था त्या देवीने कधी हलवली नाही. म्हणजे आवाज आतला असला तरी भाषा बाहेरची असू शकते.

आणि आतल्या आवाजाचा दुसरा अनुभवही आपल्या गाठीशी आहे. १९३२ च्या सप्टेंबरात येरवड्याच्या तुरुंगात गांधीजी स्वतंत्र मतदारसंघाविरुद्ध उपोषणाला बसले, ते ईश्वराच्या हाकेने, असे त्यांचे म्हणणे होते. चार दिवसांत, २४ तारखेला, करार झाला आणि आपल्या लोकांचे स्वतंत्र मतदारसंघ गेले. पुढच्या वर्षी मे महिन्यातले एकवीस दिवसांचे उपोषणही आतल्या आवाजाच्या आज्ञेने. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मी बोलत नाही. पण ज्या आवाजाला कुणी उलट प्रश्न विचारू शकत नाही, त्याची किंमत बहुधा दुसऱ्यालाच मोजावी लागते.

केसपुत्तच्या कालामांना बुद्धाने जे सांगितले ते मला म्हणून फार मोलाचे वाटते. ऐकीव आहे म्हणून मानू नका, परंपरा आहे म्हणून नको, ग्रंथात आहे म्हणून नको, इथपर्यंत आपण सभेत नेहमी सांगतो. पण त्याच यादीत पुढे असेही आहे की नुसते आपल्या मताशी जुळते म्हणूनही मानू नका. हे आपण सोईस्करपणे गाळतो. कसोटी आहे ती अशी : त्याने अहित होते की हित, हे स्वतः अनुभवा आणि जाणत्यांनाही विचारा.

मग अंतःप्रेरणा टाकाऊच काय? तसे मी म्हणणार नाही. लिहिताना एखादे वाक्य नकली निघाले की कान टवकारतो. हा कान आजीच्या जात्याजवळ तयार झाला आहे. ते साठलेले, न बोललेले ज्ञान आहे, आणि प्रस्थापित समीक्षकाने शंभर वेळा नाक मुरडले तरी लेखकाने ते सोडू नये. मात्र त्याच कानात गुरुजींचे खोडणेही साठलेले आहे. कुठला आवाज आजीचा आणि कुठला गुरुजींचा, हे निवडायला बुद्धीच लागते. तिला गप्प बसवून कसे चालेल?

त्या मुलाला मी तिन्ही वर्षांचे गुण घेऊन बोलावले. दोघांनी बसून ते पाहिले. बाकी ठीक होते. दर वेळी घसरला होता तो इंग्रजीत. विचारले तेव्हा कळले की आठवी-नववीला त्याच्या गावच्या शाळेत इंग्रजीला शिक्षकच नव्हता. दोन वर्षे तो तास रिकामा जायचा. हे त्याने कधी कुणाला सांगितलेच नव्हते, कारण त्याच्या लेखी ते कारण नव्हतेच.

आता मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री तो इंग्रजीसाठी येतो. चकचकीत पुस्तक अजून माझ्या टेबलावरच आहे. परत न्यायचे तो विसरतो, आणि मीही आठवण करीत नाही.