ताणलेले धनुष्य : एका अर्धवट उदाहरणाविषयी

‘कार्य आणि ऊर्जा’ हा धडा शिकवताना स्थितिज ऊर्जेची उदाहरणे द्यायची वेळ आली, की आपण सारे ठरावीक तीन-चार उदाहरणे देतो. उंचावरच्या टाकीतले पाणी, किल्ली दिलेले घड्याळ, दाबलेली स्प्रिंग आणि ताणलेले धनुष्य. धनुष्यात साठलेली स्थितिज ऊर्जा दोरी सोडताच बाणाची गतिज ऊर्जा होते, असे फळ्यावर लिहायचे आणि पुढे जायचे. परीक्षेतही एवढेच विचारतात. हे विधान चूक आहे असे आम्हाला म्हणायचे नाही. पण ते जिथे थांबते तिथूनच खरे विज्ञान सुरू होते, आणि तिथे थांबून आपण एक चांगले उदाहरण वाया घालवतो, ही आमची तक्रार आहे.

आपल्या वऱ्हाडात ती अधिकच खटकते. धनुष्य ही इथे केवळ कॅलेंडरवरची वस्तू नाही. व्यायामशाळांची परंपरा जुनी आहे. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचे. नांदगाव खंडेश्वरसारख्या तालुक्याच्या गावी मुले धनुर्विद्या शिकतात. देशातील स्पर्धांमध्ये ‘भारतीय राउंड’ नावाचा एक प्रकार असतो. त्यात महागडी आधुनिक धनुष्ये नसतात. बांबूच्या किंवा लाकडाच्या साध्या धनुष्याने ५० आणि ३० मीटरवरून नेम धरायचा असतो. अमरावती-अकोल्याकडच्या एखाद्या वर्गात असे धनुष्य रोज ओढणारा विद्यार्थी बसलेला असणे मुळीच अशक्य नाही. आपले उदाहरण त्याला मात्र काहीच विचारत नाही.

हा धडा आम्हालाही एका विद्यार्थिनीनेच शिकवला. वर्गात बाण नको, म्हणून आम्ही खेळाच्या खोलीतले बांबूचे धनुष्य आणले, ताणले आणि रिकामीच दोरी सोडून दाखवणार होतो. मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, बाण लावल्याबिगर दोरी सोडाची नसते. कमान तडकते.” का तडकते, असे विचारल्यावर तिला सांगता आले नाही. खरे तर ते सांगण्याची जबाबदारी आमची होती, आणि आमच्या फळ्यावरच्या वाक्यातून त्याचे उत्तर निघत नव्हते. ऊर्जा बाणाला मिळते, इतकेच ते वाक्य सांगत होते. बाणच नसेल तर ती जाते कुठे?

हिशेब मांडून पाहू

एक साधे धनुष्य घेऊ. दोरी चढवल्यावर ती मुठीपासून १५ सेंटिमीटरवर आहे आणि ओढल्यावर ७० सेंटिमीटरवर येते. म्हणजे आपण ती ५५ सेंटिमीटर ओढली. पूर्ण ओढल्यावर बल १८० न्यूटन, म्हणजे सुमारे ४० पौंड, आहे असे समजू. बल शून्यापासून सरळ रेषेत वाढत गेले असे मानल्यास झालेले कार्य ½ × १८० × ०.५५, म्हणजे जवळजवळ ५० ज्यूल. बाणाचे वस्तुमान ३० ग्रॅम धरले आणि सगळी ऊर्जा त्यालाच मिळाली असे मानले, तर त्याचा वेग सेकंदाला सुमारे ५८ मीटर यायला हवा. प्रत्यक्षात अशा साध्या धनुष्यातून तो ४५ मीटरच्या आसपास मिळतो. या वेगाला बाणाची गतिज ऊर्जा सुमारे ३० ज्यूल होते. मग उरलेले २० ज्यूल गेले कुठे?

ते धनुष्यातच राहिले. बाणाला ढकलताना धनुष्याच्या दोन्ही भुजा आणि दोरी यांनाही वेग घ्यावा लागतो. पॉल क्लॉपस्टेग या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९४३ साली धनुष्यबाणाच्या भौतिकीवर लिहिताना हा हिशेब सोपा करून दाखवला. बाणाच्या वस्तुमानात धनुष्याचे एक ‘भासमान वस्तुमान’ मिळवायचे आणि मगच गतिज ऊर्जेचे सूत्र वापरायचे. आपल्या उदाहरणात हे भासमान वस्तुमान सुमारे १९ ग्रॅम येते. आता वेगवेगळे बाण लावून पाहू. २० ग्रॅमचा बाण सेकंदाला सुमारे ५० मीटर वेगाने जाईल, पण एकूण ऊर्जेपैकी निम्मीच घेऊन. ४० ग्रॅमचा बाण ४१ मीटरनेच जाईल, पण दोन-तृतीयांशाहून अधिक ऊर्जा नेईल. आणि बाणच नसेल तर? सारे ५० ज्यूल भुजा आणि दोरी यांच्यावरच येऊन आदळतील. मागच्या बाकावरच्या मुलीचे म्हणणे हेच होते. फार हलका बाण लावू नये, असे जाणकार सांगतात त्याचेही कारण हेच.

कथा-कीर्तनांतून आपण धनुष्याचा टणत्कार ऐकत आलो आहोत. आमच्या कापसाच्या मुलखात पिंजाऱ्याची तातही अशीच वाजायची. पिंजाऱ्याला ते कंपनच हवे असायचे, कारण त्यानेच कापूस मोकळा होतो. धनुर्धराच्या दृष्टीने मात्र टणत्कार म्हणजे बाणाबरोबर न गेलेल्या ऊर्जेचा आवाज. विद्यार्थी हे वाक्य विसरणार नाहीत.

चित्रातला सरळ बाण

उदाहरणाची दुसरी उणीव त्याच्या चित्रात आहे. कॅलेंडर असो, १९८७-८८ मधील दूरदर्शनची ‘रामायण’ मालिका असो की फळ्यावरची आपली आकृती असो, बाण म्हणजे एक ताठ रेघ. पण साध्या धनुष्याला मधोमध भोक नसते. बाण मुठीच्या एका बाजूला टेकलेला असतो आणि दोरी मात्र त्याची खाच धनुष्याच्या मध्याकडे ढकलते. म्हणजे दोरी पुढे जाईल तसे बाणाचे टोक बाजूला वळायला हवे. तरीही चांगला बाण समोरच्या लक्ष्याकडे जातो. हे कसे?

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अतिवेगवान छायाचित्रण शक्य झाले आणि कोडे उलगडले. दोरीचा धक्का बसताच बाण धनुकलीसारखा वाकतो, मग उलट बाजूला वाकतो, आणि असा हेलकावत मुठीला वळसा घालून निघून जातो. बाण फार ताठ असला तर तो मुठीला घासून एका बाजूला जाईल. फार लवचीक असला तर दुसऱ्या बाजूला. म्हणून बाणाचा ताठपणा धनुष्याच्या ओढीला जुळावा लागतो. या ताठपणाला धनुर्धर ‘स्पाइन’ म्हणतात. बाण निवडणे म्हणजे मुख्यतः हे जुळवणे.

ते मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. दोन आधार ६६ सेंटिमीटर अंतरावर ठेवा, त्यांवर बाणाची काडी आडवी ठेवा आणि मधोमध सुमारे ९०० ग्रॅम वजन टांगा. काडी किती मिलिमीटर लवली ते पट्टीने मोजा. ६६० ला या आकड्याने भागले, की ती काडी साधारण किती पौंड ओढीच्या धनुष्याला चालेल ते कळते. आपल्या ४० पौंडांच्या धनुष्याला १६ ते १७ मिलिमीटर लवणारी काडी हवी. बांबूच्या दहा काड्या मोजून पाहिल्या, की दिसायला सारख्या काड्या किती वेगळ्या निघतात हे मुलांना स्वतःच दिसते. गोल भरीव काडीचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो. जाडी १० टक्के वाढली की ताठपणा सुमारे ४६ टक्क्यांनी वाढतो. चौथा घात कशाला शिकायचा, या प्रश्नाला याहून चांगले उत्तर आम्हाला माहीत नाही. शिवाय या प्रयोगात एकही बाण सोडावा लागत नाही, त्यामुळे कुणाच्या डोळ्याला धोका नाही.

पिसे आणि भाता

पिसे शोभेसाठी असतात असे अनेक विद्यार्थ्यांना वाटते. झाडूची एक जाडशी काडी घ्या, एका टोकाला ओल्या मातीचा गोळा आणि दुसऱ्या टोकाला कागदाचे तीन तुकडे लावा. ती कागदाच्या बाजूने पुढे फेका. हवेतच उलटून मातीचे टोक पुढे येऊ पाहील. हवेचा रोध मागच्या भागावर जास्त आणि वस्तुमानमध्य पुढे, म्हणून बाण वाट सोडू लागला की पिसे त्याला पुन्हा वळणावर आणतात. बॅडमिंटनच्या फुलाचे तंत्रही हेच. पिसे मोठी असली तर बाण लवकर स्थिर होतो, पण त्याचा वेगही लवकर घटतो. एका बाणाला सगळी पिसे पक्ष्याच्या एकाच बाजूच्या पंखाची लावतात, कारण डाव्या आणि उजव्या पंखांतील पिसांचा बाक उलट असतो. साध्या धनुष्यावर प्लॅस्टिकपेक्षा खरी पिसे बरी पडतात. मुठीला घासताना ती दबतात आणि पुन्हा उभी राहतात.

अशी पिसे चुरगळू न देणे हे भात्याचे खरे काम. १५४५ साली बुडालेले ‘मेरी रोझ’ हे इंग्रजी जहाज १९८२ मध्ये वर काढण्यात आले. त्यावर शंभराहून अधिक लांब धनुष्ये आणि हजारो बाण मिळाले. त्यांबरोबर भोके पाडलेल्या चामड्याच्या चकत्याही मिळाल्या. प्रत्येक भोकात एक बाण, म्हणजे पिसाला पीस घासत नाही. आपल्या चित्रातल्या भात्यात मात्र बाण जळणाच्या मोळीसारखे कोंबलेले असतात.

धड्याला तासिका मोजक्याच असतात, अभ्यासक्रम पुरा करायचा असतो, हे आम्ही जाणतो. एवढे सगळे वर्गात सांगा असा आग्रह नाही. फळ्यावरचे वाक्य फक्त एका शब्दाने दुरुस्त करावे : धनुष्याची ऊर्जा बाणाला ‘बरीचशी’ मिळते. मग उरलेली कुठे गेली, हा प्रश्न वर्गावर सोडून द्यावा. उत्तर बहुधा पुस्तक पाठ करणाऱ्या पहिल्या बाकावरून येणार नाही. ज्याच्या बोटांना दोरीचे घट्टे पडले आहेत, तो विद्यार्थी हात वर करील. विज्ञानाच्या तासाला आपल्यालाही काही ठाऊक आहे, हे त्याला त्या दिवशी प्रथमच कळेल.