ऑसियनची नावे : व्युत्पत्तीची मर्यादा

युरोपीय व्यक्तिनामांचे कोश नावाचा अर्थ सांगताना बहुधा धातूपाशीच थांबतात. विरळ नावांच्या बाबतीत ही पद्धत अपुरी ठरते. जेम्स मॅकफर्सनने १७६० पासून ऑसियन या प्राचीन गेलिक कवीच्या नावावर जी काव्ये इंग्रजीत प्रसिद्ध केली, त्यांतील नावे याची साक्ष देतात. माल्विना ही ऑसियनपुत्र ऑस्करची प्रेयसी. तिच्या नावाचा संबंध गेलिकमधील ‘नितळ भुवई’ अशा अर्थाच्या शब्दांशी जोडला जातो. नाव मात्र मॅकफर्सननेच घडविलेले. जर्मनमध्ये त्याचे ‘माल्विने’ झाले, तर पोलंडमध्ये १८१६ साली मारिया विर्टेम्बेर्स्का हिने आपल्या कादंबरीलाच ते नाव दिले. (माल्विनास बेटांशी त्याचा काहीही संबंध नाही, ते नाव सँ-मालो या फ्रेंच बंदरावरून आले.)

‘सेल्मा’ची कथा याहून विलक्षण आहे. काव्यात ते फिंगल राजाच्या निवासस्थानाचे नाव होते. वाचकांनी त्याचे स्त्रीनाम केले. ‘अन्सेल्मा’चा संक्षेप एवढीच नोंद करणारा कोश हा वाचनव्यवहार झाकून टाकतो. सेल्मा लागरलॉफ (जन्म १८५८) हिला १९०९ चे नोबेल मिळाले तेव्हा ते नाव स्वीडिशच वाटत होते.

सॅम्युएल जॉन्सनने १७७५ मध्ये या काव्यांचे प्राचीनत्व नाकारले आणि समीक्षा दीर्घकाळ त्याच वादात अडकून पडली. अस्सलतेचा निवाडा आवश्यकच होता. परंतु त्यामुळे ग्रंथाच्या प्रभावाचा प्रश्न निकालात निघत नाही. ऑसियनचा चाहता नेपोलियन ज्याचा धर्मपिता होता, तो ऑस्कर १८४४ साली स्वीडनच्या गादीवर बसला.